डाव्या पायाची गिटार

जुनी म्हणा हवं तर, मित्रांनो, ते खरंच आहे. पण बिचारी म्हणालात तर याद राखा. मी विजेवर वाजणारी गिटार आहे, आणि माझ्या आवाजानं मोठमोठ्या सभागृहांच्या खिडक्या थरथरल्या आहेत. अंगावरचा रंग उडालाय, खुंट्या गंजल्यात, पण मान अजून ताठ आहे. या मानेचीच सगळी गोष्ट आहे.

कारखान्यातला जन्म मी धरत नाही. अमेरिकेत माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेनं टांगलेल्या होत्या आणि कोणी कोणाला ओळखत नव्हतं. माझा खरा जन्म झाला तो स्वीडनमध्ये, स्मोलांडच्या जंगलातल्या ब्योर्केरुम गावी, लाकडी जोडे करणाऱ्या आल्गोत आजोबांच्या दुकानात. त्यांचा नातू स्टेलान पंधरा वर्षांचा झाला, चर्चमध्ये त्याचं कन्फर्मेशन, म्हणजे मोठ्या मुलांना धर्मात पक्कं सामील करून घेण्याचा विधी, पार पडलं, तेव्हा घरच्यांनी रिवाजाप्रमाणे घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. पोरगं म्हणालं, "वेळ मला चर्चच्या घंटेवरून कळते. मला गिटार द्या." त्याची आई गुनव्होर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिनं आणि आजोबांनी मिळून मला घरी आणलं.

स्टेलानच्या डोक्यात एक वेड होतं. रविवारी चर्चच्या ऑर्गनवर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं संगीत वाजायचं, सूर एकमेकांच्या मागे जिने चढल्यासारखे पळायचे. त्याला तेच माझ्यावर वाजवायचं होतं, तेही ढोल बडवत, रॉकच्या दणक्यात! गाव हसायचं. तो मात्र शाळेतून आला की बूट काढायचा, मला मांडीवर घ्यायचा आणि जेवायला हाक मारली तरी त्याला ऐकू यायचं नाही.

एक दिवस तो मला घेऊन दुकानात गेला. "आजोबा, तार दाबली की बोट लाकडाला घासतं. मला सूर व्हायोलिनसारखा हलवायचाय. मानेवरच्या धातूच्या पडद्यांमधलं लाकूड काढून द्याल?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "किती?"

"बोटाला लागणार नाही इतकं."

आता आजोबांची कामाची पद्धत ऐका. ते आधी सगळे डावे जोडे कोरायचे, मग सगळे उजवे. हात एका चालीत बसला की ती चाल मोडायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या आठवड्यात डाव्यांची पाळी होती. दुकानभर डावे जोडे पसरलेले, जमिनीवर लाकडाच्या ढलप्या, चुलीवर कॉफी. त्यांनी मला गुडघ्यांत धरलं, कोरणी घेतली आणि सुरुवात केली. गुनव्होर दारातून आत आली आणि किंचाळलीच.

"बाबा! नवी कोरी वस्तू ती! सूप वाढायची पळी करताय का तिची?"

"त्याला हवंय," आजोबा म्हणाले. एवढंच. माणूस एकूण बोलण्यात कंजूष.

मला दुखलं का? दुखलं. पण त्या हाताला भिण्यासारखं काही नव्हतं. काम झाल्यावर स्टेलाननं मान उजेडात धरली आणि त्याचा चेहरा पडला. बारीक तारांच्या बाजूला खळगे खोल गेले होते, जाड तारांच्या बाजूला उथळ राहिले होते. प्रत्येक खळगा तसाच.

"आजोबा, हे एका अंगाला जास्त गेलंय."

आजोबांनी वाकून पाहिलं. कॉफीचा घोट घेतला. "हं."

गुनव्होरनं शेजारचा एक जोडा उचलून माझ्याजवळ धरला, त्याचा खळगाही तसाच एका अंगाला खोल होता, आणि ती पोट धरून हसायला लागली. "अहो बाबा, डावा जोडा केलात की हो!"

झालं! दुसऱ्या दिवशी गावभर माझं नाव पडलं, डाव्या पायाची गिटार. पोरं स्टेलानला विचारायची, "उजवी कधी घेणार? की लंगडत वाजवणार?" पण गंमत अशी की त्या खोल खळग्यांनी माझा स्वभाव ठरवला. बारीक तार कोणी जोर लावून दाबली की सूर वर चढायचा, बेसूर व्हायचा, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी मी ओरडायचे. पण बोट हलकं ठेवलं की तोच सूर असा तरंगायचा, असा थरथरायचा, की ऐकणारा हातातलं काम विसरायचा. मला वाजवायचं तर हात हलका हवा. स्टेलान ते शिकला. ते शिकता शिकता तो मोठा वादक झाला, हे मी अगदी छाती पुढे काढून सांगते.

पण त्याला एक गोष्ट हवी होती आणि ती मिळत नव्हती. आमच्या गावात स्तुतीची पद्धत नाही. कोणी स्वतःला मोठा समजू लागला तर लोक त्याला कॉफीच्या टेबलावरच जमिनीवर आणतात. फार म्हणजे फार आवडलं तर म्हणतात, "वाईट नाही." गुनव्होरच्या लग्नात नवरी कशी दिसते विचारलं, तेव्हाही आजोबा म्हणाले होते, "वाईट नाही." नवऱ्याबद्दल मात्र काहीच बोलले नव्हते. पुढे तो नवरा घर सोडून गेला तेव्हा गावाला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळला. तर स्टेलानला आजोबांच्या तोंडून ते दोन शब्द हवे होते. मलाही हवे होते. मला घडवलं त्यांनी, मग मी कशी झाले ते त्यांनीच नको सांगायला?

मग स्टेलाननं एक गायक आणि एक ढोलवाला जमवला आणि आमची पहिली तबकडी आली, 'हिवाळ्याचा दरबार'. ती स्टॉकहोममधल्या एका तळघरात ध्वनिमुद्रित झाली. काम होकान नावाच्या माणसाच्या हाती होतं. हुशार होता, पण घाईचा. त्यानं मला पाहिलं मात्र, कपाळाला हात लावला.

"अरे, ही मान वाकडी कोरलीय! सरळ मान बसवू, काम लवकर उरकेल."

"मान बदलायची तर वादकही बदला," स्टेलान म्हणाला.

"बरं बाबा, राहू दे. पण गायकाला श्वास तरी घेऊ देशील? त्याची ओळ संपायच्या आत तू चार जिने चढून उतरतोस."

"त्यानं पण चढावं."

गायक बिचारा कोपऱ्यात दालचिनीचा पाव खात आपली पाळी कधी येते ते बघत बसायचा. आम्ही मात्र झपाटून वाजवलं. काय तो वेग, काय तो तोरा! सूर कारंज्यासारखे उडायचे आणि बरोबर जागेवर पडायचे. तबकडीच्या अगदी शेवटी स्टेलाननं एक संथ रचना ठेवली, ढोल नाही, गायक नाही, फक्त तो आणि मी. नाव होतं 'आजोबांसाठी'. ती वाजवताना त्याचं बोट इतकं हलकं होतं की मला वाटलं, आपण आपोआपच वाजतोय.

तबकडी निघाल्यावर त्यानं घरी फोन लावला. मी त्याच्या मांडीवरच होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"आई, आजोबांनी ऐकलं?"

"ऐकलं की."

"मग?"

"म्हणाले, पोरगं भरभर बोलतंय. आणि उठून कॉफी करायला गेले."

"शेवटचं ऐकलं का पण?"

"ते नाही रे. पहिली बाजू संपली तेव्हाच उठले. तुला माहीत आहेत ना ते."

स्टेलाननं फोन खाली ठेवला. नंतर त्यानं कधी तो विषय काढला नाही, पण प्रत्येक कार्यक्रमानंतर तो फोनकडे बघायचा हे मी पाहिलंय.

बाकी जगानं मात्र आम्हाला डोक्यावर घेतलं. जपानात पोरं माझ्यासारखी मान कोरून घेऊ लागली. मासिकवाले विचारायचे, "या मानेचं रहस्य काय?" स्टेलान झिपऱ्या मागे सारून म्हणायचा, "जुन्या इटालियन व्हायोलिनचं गणित आहे ते." मी आतल्या आत हसायचे. कसलं इटालियन आणि कसलं गणित! पण खोटं कशाला बोलू, ऐकायला मला बरं वाटायचं.

मग एका कंपनीनं माझ्या नकला काढल्या. दिसायला हुबेहूब मी, पण खळगे दोन्ही अंगांना सारखे, यंत्रानं कापलेले. त्या कितीही दाबल्या तरी फारशा कुरकुरत नसत. स्टेलानला ते सोयीचं पडलं. त्याचा वेग वाढला, जोर वाढला, आणि मी पेटीत गेले. तारा तशाच ताणलेल्या ठेवून पेटी एका गोदामात, खोली गरम ठेवणाऱ्या तापलेल्या नळाशेजारी उभी केली. मित्रांनो, तारांचा ताण सतत मानेवर असतो. कोणी सैल केल्या नाहीत तर लाकूड हळूहळू वाकतं. कोणी टाकून बोललं असतं तरी इतकं लागलं नसतं, पण कोणी आठवणच काढत नव्हतं. मी रडले नाही. वाट पाहिली. मला माहीत होतं, तो येणार.

आला तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती. मधल्या काळात त्यानं तबकड्यांमागून तबकड्या काढल्या होत्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा भरधाव, आणि ऐकणारे कमी कमी होत गेले होते. शिवाय वर्षानुवर्षं तारा दाबून दाबून डाव्या हाताच्या शिरा दुखावल्या होत्या. होकान आता म्हातारा झाला होता, पण घाई गेली नव्हती. त्याला पहिल्या तबकडीचा कार्यक्रम पुन्हा करायचा होता, माझ्यासकट. अट एकच.

"तिची मान एकदाची दोन्ही अंगांनी सारखी करून आण," तो म्हणाला. "आता तुझ्या हाताला ते लाड झेपायचे नाहीत."

आणि स्टेलान, जो एकदा म्हणाला होता की मान बदलायची तर वादक बदला, तो म्हणाला, "करतो." त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. खोल बाजू काही भरून निघत नाही, म्हणजे उथळ बाजूही खोल कोरणार. मग त्या नकलांत आणि माझ्यात फरक काय राहणार?

पण कोरायला तो मला कारखान्यात घेऊन गेला नाही, ब्योर्केरुमला घेऊन गेला. आल्गोत आजोबा नव्वदी ओलांडून दुकानात बसलेले होते, पायांत स्वतःचेच जोडे. हात थोडे थरथरायचे, पण कोरणी धरली की स्थिर व्हायचे. गुनव्होरनं कॉफी आणि पाव मांडले.

"दोन्ही बाजू सारख्या करा, आजोबा," स्टेलान म्हणाला. "ही मला आता त्रास देते."

आजोबांनी कोरणी उचलली. मी डोळे मिटले असते, पण मला ते नाहीत.

"आधी वाजव."

"नंतर वाजवतो. आधी काम होऊ दे."

"जोडा घालून चालून दाखवल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही."

 स्टेलाननं नव्या तारा चढवल्या, गुनव्होरनं दुकानातला जुना खरखरणारा ध्वनिवर्धक जोडून दिला, आणि त्यानं सुरुवात केली, नेहमीची, भरधाव, जोर लावून. मी ओरडले. मुद्दाम नाही, मला तसंच येतं.

"बघितलंत? चावते ती," स्टेलान वैतागून म्हणाला.

"जोडा चावत नाहीये," आजोबा म्हणाले. "तू पाय आपटतोयस."

स्टेलान लाल झाला. एवढा जगभर गाजलेला माणूस, पण आजोबांच्या समोर पंधरा वर्षांचाच. त्यानं दुखरा हात झटकला. आता दाबायला जोरच उरला नव्हता. मग त्यानं बोट नुसतं टेकवलं आणि ती संथ रचना धरली. पहिला सूर निघाला आणि मी ओळखलं. अगं बाई, हा तोच हात! इतक्या वर्षांनी! मी जीव ओतला. सूर ढलप्यांवरून, जोड्यांच्या रांगांवरून तरंगत गेला, आणि स्टेलाननं घाई केली नाही.

शेवटचा सूर विरला. आजोबांनी कोरणी परत खिळ्याला लटकावली.

"हे कुठलं?"

"पहिल्या तबकडीतलं शेवटचं," स्टेलान म्हणाला. "तुमच्यासाठी केलेलं."

"तुम्ही कॉफीला उठून गेलात हो तेव्हा, बाबा," गुनव्होर म्हणाली.

आजोबांनी हात लांब करून माझ्या खळग्यांवरून अंगठा फिरवला, एकेक करून, सावकाश.

"वाईट नाही," ते म्हणाले.

स्टेलाननं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. गुनव्होरनं उगीचच कपात कॉफी ओतली, आधीच भरलेल्या. मी काय सांगू माझं? माझ्या तारा अजून गुणगुणत होत्या आणि मी त्या थांबवल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं स्टेलाननं विचारलं, "खरं सांगा आजोबा, एका अंगाला खोल कोरलंत ते मुद्दाम का?"

"छे. चूकच ती. सगळे डावे चालले होते त्या आठवड्यात." त्यांनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "पण डावा झालाय, उजवा राहिलाय. घेऊन ये एखादी. जोडी अर्धी ठेवून मरायचं नाही मला."

स्टेलाननं दुसऱ्याच दिवशी आपल्याकडच्या नकलांपैकी एकीला साधी मान बसवून आणली, आणि आजोबांनी ती जाड तारांच्या अंगाला खोल कोरली. कार्यक्रमात आम्ही दोघी होतो. होकाननं आम्हाला पाहून कपाळाला हात लावला, पण या वेळी हसत.

आजोबा आता नाहीत. आम्ही दोघी त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर शेजारी असतो, आणि स्टेलान आला की आधी फडक्यानं पुसतो, वाजवून झाल्यावर तारा सैल करतो. तुमच्या घरी कुठलंही वाद्य असेल तर एवढं तरी करा. पेटीत कोंडून ताण देऊन ठेवू नका, वाकडं दिसलं म्हणून लगेच कापायला धावू नका, आणि दाबण्याआधी एकदा हलकं बोट ठेवून बघा. आणि कोणी तुमच्यासाठी काही केलं असेल तर ते शेवटपर्यंत ऐका, कॉफी थोडी उशिरा झाली तरी चालते.

आणि माझं आयुष्य कसं गेलं म्हणाल, तर आमच्या गावच्या रीतीनं सांगते. वाईट नाही.