पाणी आलं, भरून घ्या

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. नाटकाची नव्हे, मला टाळ्या पडत नाहीत. कॉम्प्युटरने काय करायचं हे सांगणारी मी अकरा ओळींची चिठ्ठी. बोरीवलीच्या एका सोसायटीच्या ऑफिसात, सर्व्हरवर माझा मुक्काम. वॉचमन गुणाजी संध्याकाळी पाणी सोडून बटण दाबतो, की मी घरोघरच्या फोनवर लिहिते : ‘पाणी आलं. भरून घ्या.’ एवढंच माझं साहित्य. पण वाचून लोक खरोखर धावत सुटतात. किती लेखकांना हे जमतं?

मला मधुकरकाकांनी लिहिलं, एका बोटाने, चहा निववत. पहिला संदेश गेला तेव्हा पडद्याकडे बघून म्हणाले, “शाब्बास गं!” मग काका कायमचे मालवणला गेले. त्यांच्या नावाच्या फोल्डरात मी मागे राहिले. तशी हाक पुन्हा कुणी मारली नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या हेमांगीने सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. गुणाजीने बटण दाबलं आणि मी गप्प. पडद्यावर अक्षरं : परवानगी नाही. पाणी येऊन गेलं, बादल्या कोरड्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. हेमांगीने माझ्या परवानग्या तीनदा तपासल्या. शेवटी सगळ्यांना सगळ्या देऊन टाकल्या. उपयोग शून्य.

“पुसून टाक ना ती,” तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाले. “उद्या ॲप घेऊ.”

“आजची संध्याकाळ द्या, काका.”

मित्रांनो, मधुकरकाकांचा हात लागलेलं त्या इमारतीत आता माझ्याशिवाय काही नव्हतं. मी पुसले गेले, की तेही संपलं.

तेवढ्यात हेमांगीचा फोन वाजला. मालवणहून.

“हेमांगी, दोन दिवस पाणी आलं नाही का गं?”

“मधुकाका! तुम्हाला कसं कळलं?”

“यादीतून माझा नंबर मी काढलाच नाही.”

“अहो, तुमच्या दारात विहीर आहे ना!”

“आहे की. पण ती कुठे कळवते?”

हेमांगीने माझं दुखणं सांगितलं. काका म्हणाले, “तिलाच काय बघत बसलीस? ती राहते त्या फोल्डरचं दार बघ.”

खरंच. नव्या सिस्टिमने काकांचं फोल्डर इतरांना बंद केलं होतं. मी तयार होते. मला बोलवायला येणाऱ्याला आत वाट नव्हती. हेमांगीने मला सोसायटीच्या फोल्डरात हलवलं, वाटलेल्या जादा परवानग्या काढून घेतल्या. मी वाचले, पण काकांची खोली सुटली.

म्हणून सांगते, मित्रांनो, जुनं कुणी चालेनासं झालं, तर पुसण्याआधी त्याच्या खोलीचं दार एकदा ढकलून बघा.

गुणाजीने बटण दाबलं. संदेश गेला. मिनिटभरात मालवणहून उत्तर आलं : ‘भरलं. शाब्बास गं!’

हेमांगीला वाटलं, ते तिला आहे. मला मात्र ती हाक ओळखीची होती.