बाणापासून लांबची पाटी

बाबांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लेकीनं स्वतः लिहून दिला होता, आणि तेव्हापासून ती पस्तावत होती. घरच्या गिऱ्हाइकाइतकं खोडसाळ गिऱ्हाईक जगात नाही! दुकान यंत्रांच्या सुट्या भागांचं. पडद्यावर प्रत्येक भागाचं चित्र, आणि चित्रावर माऊसचा बाण नेला की शेजारी एक छोटी पाटी उमटायची: भागाचं नाव आणि तो कुठल्या कप्प्यात आहे ते. हिला टूलटिप म्हणतात. एरवी तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, पण बाबांना दुसरं काही सुचतच नव्हतं.

आधी म्हणाले, अक्षरं मोठी कर. केली. मग म्हणाले, काळ्यावर पिवळी कर. भयाण दिसत होती, तरी केली. मग म्हणे ती लगेच विझते, मी बाण हलवेपर्यंत राहू दे. तेही झालं. आणि आता हे नवीनच खूळ: पाटी बाणाजवळ नकोच, चांगली लांब, वर उजवीकडे हवी.

"बाबा, टूलटिप बाणाला चिकटूनच असते. त्याचसाठी असते ती."

"जगाची चिकटू दे. माझी लांब राहू दे."

"उद्या म्हणाल, शेजारच्या दुकानात दाखव."

"जमत असेल तर बघ की!"

हट्टी माणसापुढे कोणाचं चाललंय? तिनं दुकानात बसूनच आकडे बदलले आणि पाटी वीतभर वर सरकवली. बाबांनी बाण एका चित्रावर नेला, तिथंच टक लावून बघितलं आणि लांबची पाटी घडाघडा वाचली. "आता कसं बोललीस!" म्हणाले. लहान मुलासारखे खूश झाले. मग गाडीची किल्ली उचलून नातीला शाळेतून आणायला निघाले. ते काम रोज त्यांचंच, त्यात कोणी लुडबुडलेलं त्यांना खपत नसे.

ते गेल्यावर बऱ्याच वेळानं ती त्यांच्या खुर्चीत बसली. सहज बाण चित्रावर नेला, तर तिचे डोळे आपोआप वर पाटीकडे गेले. जाणारच, वाचायला तिकडे बघायला नको? पण बाबांनी तर तिकडे बघितलंच नव्हतं. ते बाणाकडे बघत होते आणि पाटी वाचत होते. हे कसलं कोडं? तिनं गंमत म्हणून मूठ डोळ्यांसमोर धरली. चित्र गेलं, बाण गेला, मधलं सगळंच गेलं. कडेला तेवढी पाटी राहिली, पिवळी, मोठ्या अक्षरांची.

"अगं आई गं!"

दुकानात मामा होते, म्हणजे तिथले जुने विक्रेते. सगळे त्यांना मामाच म्हणत. ती त्यांच्याकडे वळली. "मामा, बाबांना दिसतं ना?"

मामांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "कडेचं दिसतं. मधे राखेसारखा डाग आहे म्हणतात. डॉक्टरांनी हात टेकले. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला, तू त्यांचं नातीला आणणं बंद करशील म्हणून."

"आणि तुम्ही गाडी चालवू दिलीत?"

"भांडलो गं मी. म्हणाले, रस्ता पाठ आहे."

तिनं बाबांना फोन लावला तर तो टेबलाच्या खणातच वाजला. मग ती जी धावत सुटली ती चपला घालायचंही विसरली. कोपऱ्यावर पोचते तोच गाडी वळून आली. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात हलवले, जीव तोडून ओरडली. गाडी हळू झाली नाही. सरळ आली, अगदी तिच्या अंगावर. शेवटच्या क्षणी तिनं बाजूला उडी मारली, म्हणून वाचली. गाडी पुढं जाऊन दुकानापाशी नीट थांबली.

तिनं धापा टाकत दार उघडलं. नात पुढच्या सीटवर पट्ट्यात मान टाकून झोपली होती. दचकून उठली आणि ओरडली, "आजोबा, लाल!"

"काय लाल?"

"सिग्नल. मी सांगते ना त्यांना. लाल, हिरवा, माणूस, सायकल." मग आईचा चेहरा बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "ते आमचं गुपित होतं."

बाबा ओशाळले, पण हसलेही. "आता कळलंच आहे तर सांगतो. जाताना कडेकडेनं हळू जातो, येताना हीच माझे डोळे. पुढ्यात काही असलं की ओरडते. गप्प असली की समजायचं, रस्ता मोकळा. आज तर इतका मोकळा, की एकदाही ओरडली नाही!"

"बाबा, ती झोपली होती."

"कधी? आत्ता?"

"शाळेपासूनच," नात डोळे चोळत म्हणाली. "गाडीत बसल्या बसल्या डोळा लागला."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. इंजिन चालूच होतं, ते बंद करायचंही त्यांना सुचेना.  मग म्हणाले, "मघाशी कोपऱ्यावर गाडीच्या कडेनं काहीतरी उडाल्यासारखं झालं. ते काय होतं गं?"

"मी होते, बाबा."