एक किलोचं वजन

आत्याने बाळीला कडेवर घेतलं, दोनदा वर-खाली झुलवलं आणि हातातली चिठ्ठी परत सिस्टरपुढे धरली.

"हे वजन हिचं नाही."

"ताई, काटा आज सकाळीच नवा आलाय. व्हा बाजूला, मागे रांग आहे."

चिठ्ठीवर लिहिलं होतं वीस किलो सातशे. बाळी दीड वर्षाची, तापाने फणफणलेली, आत्याच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. भाऊ आणि वहिनी कामावर गेले की भाची आत्याच्याच किराणा दुकानात वाढायची. आत्या तिथे दिवसभर वजनंच करायची. डाळीचा पुडा हातात घेऊन "पन्नास ग्रॅम कमी आहे" म्हणाली, की तो तेवढाच कमी निघायचा. गल्लीत तिला तराजूआत्याच म्हणत. दर रविवारी ती बाळीला पोत्यांच्या काट्यावर बसवून वजन दाराच्या चौकटीवर लिहून ठेवायची. परवाचा आकडा होता नऊ किलो चारशे. दोन दिवसांत पोर दुप्पट होते होय?

डॉक्टरांच्या खोलीत तिने हेच विचारलं. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते.

"दर सहा तासांनी दहा मिली."

"मागच्या महिन्यात ह्याच औषधाचं साडेचार सांगितलं होतंत."

"वजन वाढलं की औषध वाढतं, ताई."

"अहो, एकदा मान वर करून बघा तरी! ही पोर वीस किलोची दिसते तुम्हाला?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. बाळीकडे नाही.

"मशीन खोटं बोलत नाही. तुमचा काटा डाळ-तांदळाचा. त्यावर माणसं मोजायची नसतात. पुढचा पेशंट पाठवा!"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुप्पट औषध त्या एवढ्याशा पोटात जाणार आणि वर हे शहाणपण! डाळ-तांदूळ म्हणे! डाळीत चिमूटभर फरक पडला तर गिऱ्हाईक दारात येऊन भांडतं, आणि इथे विचारायचीसुद्धा चोरी?

ती तरातरा बाहेर आली. दुकानातल्या वजनांवर दर दोन वर्षांनी वजनमाप कार्यालयाचा शिक्का मारून आणावा लागतो. आज सकाळी ती तेच काम उरकून तशीच बाळीला घेऊन इकडे आली होती, त्यामुळे वजनं पिशवीतच होती. तिने त्यातलं एक किलोचं लोखंडी वजन काढलं आणि सिस्टर "अहो, अहो" करेपर्यंत काट्यावर ठेवलं.

काट्यावर आकडा आला दोन पूर्णांक वीस.

"बिघडलं वाटतं मशीन," सिस्टर पुटपुटली.

"बिघडलंय कसलं! हे रत्तलात, म्हणजे पौंडात मोजतंय. किलोत दोन रत्तल आणि वर थोडं. आमच्या अप्पाआजोबांनी दुकान रत्तलातून किलोत आणलं तेव्हा सहा महिने घरात हाच पाढा चालायचा म्हणे. बघा खाली, कुठेतरी बटण असेल."

सिस्टरने काटा उलटा केला. बटण होतं. ते दाबून वजन पुन्हा ठेवलं, तर बरोबर एक किलो. मग बाळीला बसवलं. नऊ किलो तीनशे ऐंशी.

"तापाने वीस ग्रॅम उतरली," आत्या म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. त्याचाही तिला रागच आला.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले होते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, चिठ्ठी घेतली, दहा खोडून साडेचार लिहिलं.

"झालं तुमचं काम. निघा आता."

आत्या निघाली नाही. ती सिस्टरच्या टेबलावरची वही बघत होती. आजची तारीख आणि बाळीच्या आधी अकरा नावं. बाळीच्या लगेच वरचं नाव मघाशी बाकावर शेजारी बसलेल्या बाईच्या मुलाचं होतं. ती औषधाची बाटली छातीशी धरून, "बाई गं, सुटले एकदाची" म्हणत घाईने गेली होती.

"आणि ह्यांचं?"

"बघू ना. पुढच्या वेळी आले की दुरुस्त करू."

"पुढच्या वेळी?"

आत्याने काट्याशेजारचं वजन उचललं आणि उघड्या वहीवर दाणकन ठेवलं.

"लावा फोन. एकेकाला. मी बसलेय इथे."

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी वहीकडे पाहिलं, आणि मग स्वतःच फोन ओढून घेतला. एकीने अजून बाटली उघडली नव्हती. एकीने एकदा पाजलं होतं, तिला मुलाला घेऊन लगेच परत यायला सांगितलं. डॉक्टर बोलत होते, आत्या बोटांवर मोजत होती. दहा झाले. अकराव्या फोनची घंटी वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा थांबली.

आत्या उठली. बाळीला कडेवर नीट घेतलं.

"पत्ता वाचा."

सिस्टरने वाचला आणि घाईघाईने वहीवरचं वजन तिच्यापुढे धरलं. "ताई, हे राहिलं तुमचं."

"राहू द्या इथेच," आत्या दारातून म्हणाली. "रोज सकाळी आधी ते चढवायचं. मग पोरं."