वयाचा रकाना

“एवढं काय त्यात, मॅडम? सगळेच दोन-चार वर्षं कमी सांगतात,” श्रीपाद हसत म्हणाला. “आईला पण मी सांगितलं, जाऊ दे म्हणून. आपण माफ केलं.”

माफ केलं म्हणे! मालनने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

कल्याणच्या त्या वधू-वर सूचक मंडळात लोकांची माहिती साइटवर भरायचं काम मालन कित्येक वर्षं करत होती. दुसऱ्यांची लग्नं जुळवता जुळवता तिचं स्वतःचं राहून गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग भावाचं लग्न. भाऊ आंबिवलीला वेगळा राहू लागला, आणि घरात बोलणारा एक टीव्हीच उरला. शेवटी मंडळाच्या कलावतीबाईंनी हट्टाने तिचं नाव साइटवर घातलं. फोन यायचे, पण दुसऱ्यांदा कुणी करायचं नाही. श्रीपादने केला. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक, बायको वारलेली, बोलायला मोकळा. गेल्या रविवारी दोघं डोसा खायला भेटली, आणि बोलता बोलता तिने आपलं वय सेहेचाळीस सांगितलं. साइटवर एक्केचाळीस होतं. श्रीपादने चमकून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“इकडे या, दाखवते,” ती आता मंडळाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडे वळून म्हणाली.

वय कसं बदललं, ते तिलाही सोमवारीच कळलं होतं, साइट बनवणाऱ्या सिद्धेशला फोन केल्यावर. “मालनताई, आकड्याच्या रकान्यात क्लिक करून माउस तिथेच ठेवला ना, की चाक फिरवल्यावर पान सरकत नाही, आकडा बदलतो. लॅपटॉपवर दोन बोटं फिरवली तरी तेच. आमचीच चूक आहे, आठवड्याभरात काढतो मी.”

वाढदिवसाला तिने इमानदारीत स्वतःचं वय एकाने वाढवलं होतं. खालच्या बटणाकडे जायला चाक फिरवलं, पान हललं नाही, म्हणून माउस बाजूला घेऊन पुन्हा फिरवलं. तेवढ्यात पाच वर्षं गेली होती.

तिने श्रीपादसमोर सेहेचाळीस टाकलं आणि चाक फिरवलं. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस. आकडा भराभर उतरत गेला.

“भारी शोधून काढलंत हां!” श्रीपाद खो खो हसला. “अहो, पण मला पटवायची गरजच नाय. मी हो म्हणतोय ना? रविवारी आईला घेऊन येतो. फक्त तिच्यासमोर हे चाकाचं काढू नका. चूक झाली म्हणा, विषय संपला.”

मालनला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. संध्याकाळी दार उघडलं की आतून कुणीतरी “आलीस?” म्हणावं, याहून जास्त तिने काही मागितलं नव्हतं. पण उद्या दूध नासलं, परवा किल्ली हरवली, तरी हा माणूस असाच हसणार आणि असाच माफ करणार, हे तिला लख्ख दिसलं.

“मी खोटं बोलले नव्हते,” ती म्हणाली.

“अहो, मी कुठे काय बोललो?”

“तुम्ही हसलात.”

“एवढ्याशावरून नाही म्हणताय?”

“हो.”

त्याने चहा संपवला, “बघा, विचार करा,” म्हणाला आणि जिना उतरला. मालन दारापर्यंत गेली. त्याला हाक मारावी असं तिला दोनदा वाटलं.

आतल्या खोलीतून कलावतीबाई बाहेर आल्या. “काय गं, ठरलं का?”

“नाही जमलं. त्यांना दुसरी स्थळं काढून देते.”

“तू देणार?”

“माणूस वाईट नाहीये, बाई.”

आणि तिने खरोखरच मन लावून स्थळं शोधली. संध्याकाळी त्याला तीन नावं पाठवली. पाठवण्याआधी तिन्ही बायकांना स्वतः फोन करून त्यांची वयं तेवढी विचारून घेतली.