आबांची खाट

विजयमालेने खाटेच्या पायथ्याशी उभे राहून दोन्ही हातांनी जोर लावला आणि खाट आबांसकट मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत ओढत आणली. आबांची मान भिंतीकडे कलत होती. ती तिने आवाराकडे वळवली आणि पुन्हा कलू नये म्हणून खाली गोधडीची घडी सारली. आता त्यांना सगळे दिसत होते. लिंबोणी, पेरूची दोन कलमे, विहिरीच्या कडेने गेलेला गुलाबांचा वाफा.

"वहिनी, माल कुठं कालवायचा?" पंढरी गवंड्याने बाहेरून विचारले.

"तिथंच, लिंबोणीखाली. सावली हाय."

पंढरी जरा घुटमळला. "मुळाशी सिमेंटचं पाणी मुरंल. झाड वाळंल."

"मग काय दिवसभर उन्हात उभं राहून कालवताय?" तिने आपुलकीने विचारले. "माणसापरीस झाड मोठं हाय का?"

पंढरी हसला. त्याने लिंबोणीच्या आळ्यातच वाळूचे पहिले घमेले रिकामे केले. आबांच्या घशातून घोगरा आवाज निघाला. शब्द नव्हता, नुसता आवाज. विजयमालेने त्यांच्या हनुवटीवरची लाळ पदराने पुसली.

"आत करमत न्हाई त्यास्नी," ती पंढरीला म्हणाली. "बघू देत काम. त्यांचंच घर हाय."

घर त्यांचेच होते. आबा, म्हणजे तिचे सासरे हौसेराव, साताऱ्याकडून पारसिकच्या डोंगरातल्या खाणींवर आले ते अंगातल्या सदऱ्यानिशी. पुढे मुकादम झाले आणि बेलापूरच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी हे कौलारू घर त्यांनी एका गाववाल्याकडून आवारासकट घेतले. खाणीवर त्यांच्या हाताखाली राबलेली माणसे अजून त्यांचे नाव निघाले की आवाज खाली आणत. मात्र झाडांपाशी हा माणूस वेगळा असे. पेरूच्या पानांवरची खाणीची धूळ ते ओल्या फडक्याने एकेक पान धरून पुसत. गुलाबाला कीड लागली तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

कार्तिकात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. "मात्र समजतं सगळं," वाशीच्या डॉक्टरांनी बजावले होते. "त्यांच्यासमोर बोलताना सांभाळून." हे ऐकताना धनाजीच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, डोळ्यांत पाणी आले. विजयमालेने मान डोलावली होती. ते एक वाक्य तिने नीट ठेवून दिले.

धनाजी न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात होता. पाळ्या लांबत, चार चार दिवस तो तिकडेच राही. कौले उतरवून स्लॅब टाकायचे त्यानेच काढले, आणि पावसाच्या आत व्हायला हवे म्हणून सगळे बायकोवर सोपवून दिले. मुलीला, सुनयनाला, धुळीचा त्रास नको म्हणून सुट्टीत मामाकडे पाठवले होते. सासू कधीच वारली होती. घरात दोघेच उरली. विजयमाला आणि आबा.

ओटा पाडला त्या दिवशी तिने खाट पुढच्या दाराशी नेली.

त्या ओट्यावर एकदा तिचे वडील बसले होते. तेव्हा तिच्या लग्नाला दीड वर्ष झाले होते. आई अंथरुणाला खिळलेली, आठ दिवस निघतील की नाही अशी, म्हणून ते लेकीला न्यायला रात्रीच्या एसटीने आले होते. आबा तेव्हा गुलाबांना पाणी घालत होते. "बसा," म्हणाले, आणि पुन्हा वाफ्याकडे वळले. वाफा झाला, पेरू झाले, वाळकी पाने वेचून झाली. विजयमाला दाराआड कपड्यांची पिशवी भरून उभी होती. पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर निघाली तेव्हा सासूने तिचा दंड धरला. "त्यांनी सांगितल्याबिगर नगं." ऊन ओट्यावर चढले, वडिलांनी पाय आखडून घेतले. उतरत्या उन्हात ते उठले, टोपी नीट केली आणि आबांच्या पाठीला म्हणाले, "येतो मग." आबा कात्रीने फांदी छाटत होते. त्यांनी वळून पाहिले नाही.

आई गेल्याची तार त्याच आठवड्यात आली. त्या वेळीही आबा म्हणाले, "आता जाऊन काय करनार?"

पहारीच्या घावाने ओट्याचा पहिला चिरा सुटला तेव्हा विजयमाला खाटेशेजारी बसून तांदूळ निवडत होती. ओटा पुन्हा बांधायचा नव्हता. तिथे लोखंडी जाळी आणि चपला ठेवायचे कपाट येणार होते. तिने मान वर करून आबांकडे पाहिले. त्यांचा डावा हात खाटेच्या माच्यावर आवळला होता.

"लई जुना झाला हुता," ती म्हणाली.

यानंतर गुलाब गेले. वाळूची दुसरी गाडी मागून आत घ्यावी लागली, आणि मागून यायचे तर वाफ्यावरूनच. ड्रायव्हरने उतरून विचारलेही. तिने हातानेच 'घ्या' अशी खूण केली. चाके गेली तसा मातीत दबलेल्या काड्यांचा बारीक आवाज झाला. तो उंबऱ्यापर्यंत ऐकू आला असेल की नाही, हे तिला कळेना. म्हणून तिने एक मोडकी फांदी उचलून आणली आणि आबांच्या छातीवर, गोधडीवर ठेवली.

"कळी हुती हिला," ती म्हणाली.

पेरूंचे मात्र तिने नवऱ्यावर सोपवले. संडासाची टाकी कुठे खणायची ते ठरायचे होते. धनाजी सुट्टीवर आला तेव्हा पंढरीने दोन जागा दाखवल्या. एक विहिरीच्या अंगाला, दुसरी पेरूंखाली.

"आबांचा जीव आहे त्या झाडांत," धनाजी मान खाजवत म्हणाला.

"मग विहिरीकडं घ्या. पाणी नासलं तर नासलं."

"तसं नाही गं..."

"मला काय? तुमी आबांस्नीच इचारा."

धनाजी खाटेपाशी उकिडवा बसला. पेरू काढावे लागतील, नाइलाज आहे, नवीन कलमे लावू, असे त्याने मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावे तसे सांगितले. आबांचे तोंड वाकडे झाले. घशात काहीतरी वर आले आणि तिथेच अडकले. मान गोधडीवर दोनदा हलली, कुठल्या बाजूने ते ओळखता येत नव्हते.

"बघ," धनाजी उठत म्हणाला, "पटलं त्यांना. उगाच टेन्शन घेत होतो मी."

विजयमाला वळून आत गेली. चुलीपाशी तिला एकदम हसू फुटले, आणि ते इतके जोरात आले की तिने पदर तोंडात कोंबला. मग ते थांबले. आपण हसलो हे तिला आवडले नाही.

कलमे तोडली त्या दिवशी राहीबाई आली. दिवाळे गावची ही कोळीण गेली वीस वर्षे त्यांच्या दारी मासळी घालत होती. तिने टोपली उतरवली, खाटेवरची स्वच्छ चादर, दाढी केलेला आबांचा चेहरा, कापलेली नखे बघितली आणि गालावर हात ठेवला.

"बाय, आमच्या गावान सांगते मी सगल्यांना. पोटच्या पोरी बी आसं करत नाय. पुन्य लागल तुला."

"करायलाच पायजे मावशी. बापासारखे हायेत."

करवत थांबली. दुसरे झाड पडले, आणि त्याच्या सावलीत असलेल्या दारावर एकदम ऊन आले. ते आबांच्या तोंडावर पडले. त्यांनी डोळे मिटले, पण उन्हाची तिरीप पापण्यांवरच होती. डावा हात वर आला, डोळ्यांपर्यंत पोचला नाही, खाली पडला. विजयमालेने ते पाहिले. तिने बोंबलांचा वाटा नीट निवडून घेतला. राहीबाईला टोपली डोक्यावर चढवायला हात दिला. फाटकापर्यंत पोचवून आली. मग खाट आत ओढली.

त्यांच्या कपाळावर घाम होता. तिने ओल्या फडक्याने तो पुसला, हलक्या हाताने, भुवया, नाक, कानांच्या मागे. आबा तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत राग शोधायची तिला सवय होती. आज तिला तो सापडेना, आणि काय आहे तेही कळेना. तिने फडके पिळून वाळत घातले.

स्लॅब टाकून झाला. घर आतून थंड, उंच आणि अनोळखी वाटू लागले. बोलले की आवाज भिंतींवरून परत येई. आवारात लिंबोणी उभी होती, पण तिची पाने टोकांकडून पिवळी पडत चालली होती.

एका दुपारी तिने आबांसाठी नेहमीसारखा मऊ भात शिजवला, वरणात कालवला आणि चमच्याने भरवायला बसली. दोन घास गेले. तिसरा त्यांनी तोंडातच धरून ठेवला. मग गिळला. ओठ हलले.

"अ..."

ती थांबली.

"अ-ळ-नी."

शब्द ओबडधोबड होता, पण शब्द होता. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणापासून तो तिने ऐकला होता. ताट पुढे सरकवताना ते एवढेच म्हणत, आणि पंगतीतले सगळे हात थांबत. ती मीठ घेऊन धावत येई तोवर ते हात धुऊन बाहेर गेलेले असत. नंतर सासूही उपाशी, मग सुनेनेही जेवायचे नाही. सहा महिने मुक्या पडलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द आला, तो हाच.

"अळनी," आबा पुन्हा म्हणाले. आणि त्यांचा चेहरा उजळला. एखादे लहान मूल पहिले पाऊल टाकून आईकडे बघते तसे ते तिच्याकडे बघत होते. डोळे भरले होते. आपल्याला बोलता आले, याचाच तो आनंद होता.

विजयमालेने चौथा घास भरला आणि त्यांच्या ओठांना लावला.

"खावा," ती म्हणाली.

ते बघत राहिले. चमचा हलला नाही. शेवटी त्यांनी तोंड उघडले.

वाटी संपत आली तेव्हा फाटक वाजले. धनाजी पाळी संपवून आला होता. घामेजला होता, पण खुशीत दिसत होता. पाय न धुताच तो आत आला.

"अगं, आमच्या यार्डातल्या सुधीरच्या वडिलांना असाच झटका आला होता. वाशीला एक बाई आहेत, बोलायला शिकवतात. आता ते फोनवर बोलतात, कळलं का? चक्क फोनवर! त्या बाई म्हणाल्या, एक शब्द जरी येत असेल ना, तर लगेच आणा. उशीर केला तर मग नाही जमत." तो खाटेवर वाकला आणि तिला विचारू लागला. "तुझ्यासमोर कधी काही बोलले का? एखादा शब्द?"

विजयमालेने वाटीतला चमचा वाटीच्या कडेला पुसला.

"न्हाई."

"नीट आठव."

"दिवसभर मीच असते जवळ. एक शब्द न्हाई."

धनाजीने वडिलांचा डावा हात हातात घेतला. "आबा, बोला ना. काही पण बोला. माझं नाव घ्या."

आबांनी धनाजीकडे पाहिले नाही. ते तिच्याकडे बघत होते. ती वाटी धरून उभी होती. त्यांचे ओठ किंचित उघडले. तिच्या हातातला चमचा वाटीवर वाजला. आबांनी ओठ मिटले.

"बघू. अजून थोडे दिवस जाऊ देत," धनाजी खालच्या आवाजात म्हणाला. हात त्याने सोडला नाही.

ती स्वयंपाकघरात आली. पातेल्यात मऊ भात उरला होता. टाकवत नव्हता, म्हणून ती तिथेच खाली बसली, उरलेले वरण त्यात ओतले आणि घास तोंडात घातला.

त्यात मीठ नव्हते. कमी नव्हे, अजिबात नव्हते. घालायचेच राहिले होते.

मिठाची बरणी हाताच्या अंतरावर होती. तिने हात लांब केला नाही.

बाहेरच्या खोलीतून, कोऱ्या स्लॅबखाली घुमणारा, धनाजीचा आवाज येत होता. तो एकेक शब्द सुटा करून म्हणत होता.

"आबा, म्हणा, पाणी. पा-णी."

ती दुसरा घास हातात धरून थांबली. ऐकत राहिली. काही आले नाही. मग तिने तो तोंडात घातला.

"बरं, म्हणा, धना. ध-ना."

ती थांबली.