दाबून धरलेलं बटण

रंजीताबाईचा आवाज वायरलेसवर आला, की वनखात्याच्या त्या रेंजमधले गडी बसल्या जागी नीट बसायचे. वायरलेस चालवायची परीक्षा तिनं पहिल्याच फटक्यात पास केली होती, आणि मिळालेला परवाना चौकटीत घालून सेटच्या वरच टांगला होता. चॅनलवर कुणी फालतू गप्पा हाणल्या, तर त्याची बिनपाण्यानं झालीच म्हणून समजा.

काल पाळी सोमाजीभाऊंची होती. नाल्यापलीकडच्या पाणवठ्यावर वणव्याची राखण करणारे हे म्हातारे रोजंदार. सेट हातात पडून आठवडाच झालेला, शिकवणी अजून व्हायची होती. अंगठा दुखायचा, म्हणून बोलताना बटण मधेच सुटायचं आणि वाक्याचे तुकडे पोचायचे. चॅनलवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती कडाडली होती, "भाऊ, बटन दाबून धरा म्हणजे धरा! सोडू नका!" बोलून झालं की सोडायचं, तेव्हाच पलीकडचं ऐकू येतं, हे सांगायचं राहून गेलं. एवढं तर त्यांना कळत असेल, असं ती धरून चालली.

आज भर दुपारी वनरक्षक निकेशनं तिला मोबाईल लावला.

"मॅडम, वायरलेस लागूनच नाई राह्यला. सकाळी गुराख्यावर धावली न, तीच वाघीण पिल्लं घेऊन पाणवठ्याकडं निंगाली. सोमाजीभाऊले हालवा तिथून!"

ती सेटकडं धावली. सेटवर आधीच कुणीतरी बोलत होतं.

"बाई, आज आवाज तुटून नाई राह्यला न? सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली म्या बटनावर. आता सुटतच नाई."

ते बटण दाबलेलं होतं तोवर भाऊंच्या सेटमध्ये बाहेरचा एक शब्द शिरणार नव्हता, आणि बाकीच्यांसाठीही चॅनल अडलेलं होतं. तरी ती ओरडली, पुन्हा पुन्हा ओरडली. पाणवठ्यावर मोबाईलला रेंज नव्हती. जीप चिमूरला गेलेली. निकेश मोटारसायकलवर निघाला, पण नाल्यापुढं नुसती पायवाट.

"उत्तर काऊन देऊन नाई राह्यल्या, बाई? कालचा राग धरला का?" सोमाजीभाऊ हसले. "माह्यंच चुकलं. घरी बायकोले सांगतलं म्या, बाई कडक बोलते, पन आपल्या भल्याचंच बोलते."

टेबलाची कड धरून ती ऐकत राहिली. तिला रडू येत होतं, आणि संतापही येत होता, भाऊंचा नाही, स्वतःचा. समोरच्या चौकटीकडं तिला बघवेना.

मग लांबून चितळ ओरडलं. लगेच वानरं खेकसायला लागली. जनावरांचा हा इशारा जंगलाकाठी वाढलेल्या तिला कुणी समजावून सांगायला नको होता, आणि भाऊंना तर नकोच. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, वाघ जवळच हाये. काय करू? इथीच उभा राहू का झाडावर चढू? तुमी सांगा, तसं करतो."

"चढा, भाऊ! झाडावर चढा!"

"बाई? बोला न, बाई."

बटण सतत दाबलेलं राहिल्यानं त्या सेटची बॅटरी तेवढ्यात संपली. चॅनल मोकळं झालं. "झाडावर चढा, भाऊ!" आता तिचा आवाज रेंजमधल्या प्रत्येक सेटवर खणखणीत पोचला, एका सेटवर तेवढा नाही.

उन्हं कलल्यावर निकेशच्या सेटची खरखर आली. त्यानं बटण दाबलं होतं. वारा ऐकू आला, त्याचा श्वास ऐकू आला, आणि बटण सुटलं.

"निकेश, बोल."

"भाऊ गेले, मॅडम," तो म्हणाला. "सेट हातात तसाच धरून हाये त्याच्या. सोडवून पाह्यला, सुटत नाई."

निकेशनं पुन्हा बटण दाबलं.

"चढाजोगं झाड अगदी बाजूलेच होतं, मॅडम. भाऊ चढले काऊन नाई मग? कोनाची वाट पाहून राह्यले होते?"

रंजीतानं बटण दाबलं. मग ते तिला सोडता येईना.