ताडपत्रीचा शेरा

महाडच्या नाक्यावर नासिरचं ट्रान्सपोर्ट होतं. अकरा ट्रक, एक पत्र्याचं गोदाम आणि आवक-जावक लिहायचं एक लांबट रजिस्टर. त्यात गाडीचा नंबर, ड्रायव्हर, माल, पोचल्याची वेळ असे रकाने होते आणि शेवटचा रकाना 'शेरा'. बाकीचे ट्रान्सपोर्टवाले शेऱ्यात 'दोन पोती फाटली' असलं काही लिहीत. नासिर एवढंच लिही: ताडपत्री ओली, किंवा ताडपत्री कोरडी.

मे महिन्यातला वळीव महाडात समुद्राकडून येत नाही, वरंधच्या डोंगरातून खाली उतरतो. भोरकडून घाट उतरून आलेल्या गाडीची ताडपत्री ओली असली की तासा-दीड तासात महाडचा रस्ता ओला. नऊ वर्षांच्या शेऱ्यांवरून नासिरने हे पक्कं केलं होतं. रेडिओवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

रेडिओची बाजू शरद सर लढवीत. भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर समोरच राहत आणि रोजचा चहा नासिरच्या गोदामात घेत.

"आज काय म्हणतोय तुमचा रेडिओ?" नासिर विचारी.

"कोकणात हवामान उष्ण व दमट. तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह सरी."

"उष्ण व दमट तर माझा बनियनपण सांगतो, सर. तुरळक म्हणजे कुठं, ते बोला."

सर चहा संपवीत आणि उद्या येत.

सत्त्याण्णवच्या मेमध्ये नासिरच्या मुलीचं, अम्बरीनचं लग्न ठरलं. नवरा मुलगा उझैर पोलादपूरचा. निकाह दुपारी जोहरच्या नमाजनंतर, जेवणं गोदामामागच्या मैदानात, माणसं सातशे. रहिमाचं, नासिरच्या बायकोचं म्हणणं, मांडव पत्र्याचा घाला.

"पत्र्याखाली माणसं शिजतील गो," नासिर म्हणाला. "कापडी घालू. वारा तरी खेळेल."

"आणि पाऊस आला तर?"

"आला तर मला आधी कळेल."

"पोलादपूरवाल्यांच्या ताटात पाणी पडलं तर ते जन्मभर सांगत बसतील," रहिमा म्हणाली. "मुलीला तिथं नांदायचं हाय, तुमच्या रजिस्टराला नाय."

नासिर हसला. मांडव कापडीच पडला. गोदाम खताच्या पोत्यांनी गळ्यापर्यंत भरलेलं, म्हणजे वेळ आली तर पंगत उचलून न्यायला आडोसासुद्धा नव्हता. पण नासिरला आडोशाची गरज कधी वाटलीच नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून उकाडा असा की अत्तर लावलं की घामाबरोबर वाहून जाई. रोज अकराच्या सुमारास खाडीकडून येणारी झुळूक आलीच नाही. डोंगर धुरकट दिसत होते. पण मेमध्ये ते नेहमीच धुरकट असतात. नासिरने दर तासाला नाक्यावर नजर टाकली, समाधानाने मान हलवली आणि पाहुण्यांकडे वळला.

निकाह झाला. अडीचला पहिली पंगत बसली. उझैरचे चाचा पाहुण्यांच्या मधोमध, पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात. शरद सरांसाठी कोपऱ्यात वेगळं टेबल. त्यांचा वरणभात आचाऱ्याने वेगळ्या चुलीवर केला होता. नासिर त्यांना वाढायला स्वतः गेला.

"पाणी मागा, मीठ मागा," तो म्हणाला, "फक्त तुरळक सरी मागू नका. ती वस्तू आज आमच्याकडं नाय."

"एवढी खात्री?"

"सकाळपासून एकही ओली ताडपत्री नाय आली."

सरांनी भात कालवला. वर्गात शेवटच्या बाकावरच्याला विचारावं तसं शांतपणे विचारलं, "आणि कोरड्या किती आल्या?"

नासिरच्या हातातला तुपाचा चमचा थांबला.

त्याने पंगतीकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत जानू बसला होता, वरंधचा, त्याचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. त्याच्या शेजारी साकिब. पुढे रावजी, सोनबा. अकराच्या अकरा. अकरा गाड्या गोदामाच्या भिंतीला लागून सकाळपासून उभ्या होत्या. सुट्टी त्यानेच दिली होती. घरचं लग्न आहे, एकही गाडी बाहेर जाणार नाही, असं चार वेळा बजावून. घाटातून आज त्याची एकही गाडी उतरलीच नव्हती, मग ओलं-कोरडं सांगणार कोण?

तेवढ्यात वरंधच्या बाजूला काहीतरी गुरगुरलं. हायवेवरचा एखादा डंपर असावा, असं समजायला नासिरला फार आवडलं असतं.

तो तिसऱ्या रांगेपाशी गेला. आवाज रोजचाच. "जानू, हात धुवा सगळ्यांनी."

"शेठ, आत्ताच तर बसलो."

"बिर्याणी पळून जात नाय. गाड्या मैदानात घ्या, चारी बाजूंनी. टपावरच्या ताडपत्र्या सोडा आणि मांडवावरून आडव्या ताणा."

जानूने एकदा डोंगराकडे पाहिलं आणि हात धुवायला उठला. सेंटचा वास येणारे अकरा ड्रायव्हर बाह्या सरसावून टपावर चढले. घाटात भर पावसात, अंधारात दोरी आवळणारी माणसं ती. त्यांना दिवसाढवळ्या मांडव झाकायला कितीसा वेळ लागणार? पंधरा मिनिटांत अकरा ताडपत्र्या, एकीच्या कडेवर दुसरीची कड चढवून, ट्रकांच्या हुकांना बांधल्या गेल्या. खाली अंधारलं. कांद्याचा, गुळाचा आणि बिरवाडीच्या कारखान्यातल्या रसायनाच्या पिंपांचा वास बिर्याणीच्या वासात मिसळला. वारा उरलासुरलाही थांबला.

चाचांनी कपाळ पुसलं. "आमच्या पोलादपुरात पाऊस म्हटला की छत्री काढतात. तुम्ही ट्रक काढता."

"मोठी माणसं आलीत," नासिर म्हणाला. "छत्रीत मावली नसती."

आजूबाजूचे हसले, पण दुसरी पंगत बसली तरी थेंब नव्हता. कुर्ते पाठीला चिकटले. कोणीतरी ताडपत्री वर करून ऊन पाहिलं आणि बाकीच्यांना मुद्दाम दाखवलं. रहिमा बायकांच्या बाजूने पडद्याशी आली.

"नाय आला तर?" ती हळूच म्हणाली.

"नाय आला तर भट्टीत जेवू घातलं म्हणतील. आला आणि हे नसतं तर काय म्हणाले असते, ते तूच सांगितलंयस. मला भट्टी चालेल."

तिसऱ्या पंगतीला वाढप सुरू झालं आणि ताडपत्रीवर कोणीतरी मूठभर चणे फेकावेत तसा आवाज झाला. मग पोतंच ओतलं. मैदानाच्या कडेने लाल पाणी धावलं. चाचांनी चपला उचलून मांडीवर घेतल्या. मध्ये एके ठिकाणी पाण्याचा फुगा धरला, तो सोनबाने बांबूने वर ढकलून बाहेर ओतला. कोणाच्याही ताटात थेंब पडला नाही.

चाचांनी वर बघत तोंडातलं पान गालात सरकवलं. "या बांधणाऱ्यांना आधी वाढा," ते म्हणाले. "आमच्यातच बसवा."

जानू हात पुसत त्यांच्या शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी सर चहाला आले. नासिरने रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. गाड्या अकरा. महाड ते महाड. माल: पाहुणे. शेरा: सगळ्या ताडपत्र्या ओल्या.

सरांनी खिशातलं पेन काढून खाली बारीक अक्षरात लिहिलं: तुरळक ठिकाण, नाका.

नासिरने ते वाचलं आणि खोडलं नाही. फक्त आत हाक मारली, "रहिमा, चहा दोन. आणि सरांचा रेडिओ काय म्हणतो, तेबी ऐकून घेऊ."